जावानी लघुकथेतील गरिबी आणि शील

जावानी भाषेतील लघुकथा, जिला तेथे 'चर्कक' म्हणतात, ती पुस्तकांपेक्षा नियतकालिकांतच वाढली, त्यामुळे तिच्यातील गरीब माणूस समजून घेताना तिचा वाचक कोण होता हे आधी पाहावे लागते. डॉ. सुतोमो यांनी १९३३ साली सुराबाया येथे 'पन्येबार समांगात' हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा त्यांनी वडीलधाऱ्यांशी आणि वरिष्ठांशी बोलण्याची 'क्रामा' ही आदरार्थी भाषा बाजूला ठेवून 'न्गोको' ही घरगुती बोली निवडली आणि छापील मजकूर सामान्य वाचकाच्या आवाक्यात आणला. मात्र कथेतील संवादांत हे दोन्ही स्तर टिकून राहिले. एखादा वृद्ध शेतमजूर क्रामात विनवणी करतो आणि वयाने लहान असलेला धनिक त्याला न्गोकोत उत्तर देतो, एवढ्यावरून त्या दोघांमधील अंतर वाचकाला उमगते. लेखकाला त्यावर वेगळे भाष्य करावे लागत नाही.

शीलाचा मापदंड मात्र वरच्या वर्गातून आला होता. 'प्रियायी' म्हणजे दरबारी आणि सरकारी अधिकाऱ्यांचा वर्ग. संयम आणि सौजन्य ही आपली मिरासदारी आहे असे तो मानी, आणि तरीही १८३० नंतरच्या डच सक्तीच्या लागवड पद्धतीत, शेतकऱ्यांकडून ऊस, नीळ, कॉफी पिकवून घेताना, त्याच वर्गातील अधिकाऱ्यांना उत्पन्नावर टक्केवारी मिळत होती. विसाव्या शतकातील कथाकारांनी, ज्यांत शाळाशिक्षक बरेच होते, हे गुण तुटपुंज्या पगाराच्या कारकुनाला आणि 'वोंग चिलिक' म्हणजे सामान्य रयतेला बहाल केले. अशा कथेत दारिद्र्य हे संकट कमी आणि कसोटी अधिक असते: लाच नाकारणारा, कर्ज झाले तरी 'इसिन' म्हणजे लोकलज्जा जपणारा, 'न्रिमो' वृत्तीने वाट्याला आलेले कुरकुर न करता स्वीकारणारा माणूसच खरा जावानी ठरतो.

या आदर्शाने गरिबाला प्रतिष्ठा दिली हे खरे, पण जमीन कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न त्याने बहुधा मागे ढकलला. इंडोनेशियातील १९६५-६६ च्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात डाव्या शेतकरी संघटना चिरडल्या गेल्या आणि 'लेक्रा' या डाव्या सांस्कृतिक संघटनेवर बंदी आली. त्यानंतर तो प्रश्न उघडपणे मांडणे धोक्याचे झाले, आणि नायकाच्या सहनशीलतेचे वर्णन करणे लेखकासाठी निर्धोक राहिले.