वरळीच्या रिकाम्या खोल्या

पहिले महायुद्ध संपले त्या वेळी मुंबईत गिरण्यांची भरभराट होती. परंतु गिरणीत राबणाऱ्या माणसाला रात्री पाठ टेकावयास पुरेशी जागा नव्हती. एकाच खोलीत दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे राहत. घरभाडी इतकी कडाडली की १९१८ साली सरकारला त्यांवर कायद्याने बंधन घालावे लागले. अशा वेळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली एक स्वतंत्र खाते निर्माण केले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे त्याचे नाव. लोकांच्या तोंडी त्याचे ‘बी.डी.डी.’ झाले. समुद्र हटवून बॅक बेची जमीन काढण्याचे, पुढे पुष्कळ बदनाम झालेले कामही याच खात्याचे होय.

संकल्प लहान नव्हता. मजुरांसाठी ५०,००० खोल्या बांधावयाच्या होत्या. पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीमागे १ रुपया कर बसविण्यात आला. ज्या कापसावर गिरणीमालक श्रीमंत झाले, त्याच कापसाने मजुराच्या डोक्यावर छप्पर धरावे, ही कल्पना मोठी न्याय्य होती. प्रत्यक्षात २०७ चाळी उठल्या : वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीस १२. खोल्या झाल्या सोळा हजारांच्या वर. चाळ चौमजली, सिमेंट-काँक्रीटची. मधोमध लांब बोळ, दोन्ही अंगांना खोल्या, एका मजल्यावर वीस. खोली १६० चौरस फुटांची. शौचकूप सर्वांना मिळून.

एवढी टंचाई असता लोकांनी या खोल्यांवर तुटून पडावयास हवे होते. गिरण्यांच्या शेजारच्या नायगाव व डिलाइल रोड येथील चाळींना भाडेकरू मिळाले. वरळीच्या कित्येक चाळी मात्र वर्षानुवर्षे ओस राहिल्या. कारण समजावयास फार विद्वत्ता नको. पाळी सुटल्यावर दमलेल्या माणसाने एवढे अंतर पायी तुडवावे, आणि घरी पोचल्यावर जवळ बाजार नसावा, हे कोणाला परवडणार? मजुराची घरवाली उधारीवर धान्य देणाऱ्या वाण्याच्या आधाराने महिना काढते. तो वाणी, ती खानावळ, गाववाल्यांची ती खोली सोडून तिने वरळीच्या माळावर काय खावे? सरकारने खोल्या मोजल्या. वस्तीला लागणाऱ्या इतर गोष्टी हिशेबात धरल्या नाहीत. परिणामी १९३० नंतरच्या कायदेभंगाच्या चळवळीत सरकारला या चाळींचा एक उपयोग सापडला : सत्याग्रह्यांसाठी तेथे तात्पुरता तुरुंग उघडण्यात आला. भाडेकरू मिळेनात, तेव्हा बंदिवान आणले!

पुढे शहर वाढत वाढत वरळीपर्यंत येऊन पोचले आणि खोल्या भरल्या. खात्याने जे दिले नव्हते ते रहिवाशांनी स्वतः उभे केले. तळमजल्यावर दुकाने, कोठे व्यायामशाळा, कोठे वाचनालय, पुढे बुद्धविहार. जांबोरी मैदानावर सभा, उत्सव आणि खेळ. बोळ हीच मुलांची अभ्यासिका झाली. हे सहजीवन सदा गोडच होते असे मात्र नव्हे. जानेवारी १९७४ मध्ये याच चाळींत दलित पँथर आणि शिवसेना यांच्यात दंगल पेटली, आणि शेजार विटाळला.

जीर्ण झालेल्या या चाळी पाडून नव्याने बांधण्याच्या कामाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले. शिवडी वगळता उरलेल्या तीन वसाहतींचे हे काम म्हाडाकडे आले. या खेपेस पैसा कापसाच्या गासडीतून नव्हे, तर त्याच जमिनीवर खुल्या बाजारात विकावयाच्या घरांतून यावयाचा आहे. १६० चौरस फुटांच्या मोबदल्यात ५०० चौरस फुटांचे घर, तेही मालकीचे. दुकानदारांनाही जागा द्यावयाची आहे. ही गोष्ट कागदावर किरकोळ दिसली तरी वरळीचा पूर्वेतिहास पाहता घराइतकीच महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या. ही घरे चाळीस मजली इमारतींत आहेत. वीस दारे एकमेकांसमोर उघडणारा तो लांब बोळ त्यांत नाही.