दोन पडदे, दोन ताल

माणसांप्रमाणे यंत्रांच्या सवयींनाही इतिहास असतो. आज खेळाचा शौक असलेल्या तरुणाच्या मेजावर संगणकाचे दोन पडदे शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. त्यांतला एक नवा. त्यावर खेळ चालतो. दुसरा जुना, त्यावर मित्रांशी संभाषण चालते, किंवा एखादा व्हिडिओ लावलेला असतो. नवा पडदा सेकंदाला १४४ वेळा आपले चित्र नवे करतो, जुना ६० वेळा. या गतीला रिफ्रेश रेट म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये सांगतात. एकएकटे असताना दोन्ही पडदे निर्वेध चालतात. पण जुन्यावर व्हिडिओ सुरू झाला, की नव्यावरचा खेळ अडखळू लागतो. खेळणाऱ्याला वाटते की यंत्रच बिघडले, आणि तो नवे ग्राफिक्स कार्ड आणायला निघतो. हा खर्च पुष्कळदा वाया जातो. कारण येथे दोष बहुधा कोणत्याच यंत्रात नसतो; तो दोन गतींच्या न जुळण्यात असतो. हे आकडे आले कोठून, ते समजण्यासाठी चित्रपटाच्या आरंभापर्यंत मागे जावे लागते.

मूकपटांच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत असत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे आला, तो याच काळात. सेकंदाला किती चित्रे घेतली जातील हे फिरवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे, आणि चित्रपट दाखविणाराही आपल्या मर्जीने वेग कमीजास्त करी. चित्रपट बोलू लागला तेव्हा मात्र ही मोकळीक संपली. वेग बदलला की आवाजाची पट्टी बदलते, आणि डोळा जे खपवून घेतो ते कान खपवून घेत नाही. म्हणून १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण ठरून गेले.

दूरचित्रवाणीने आपला ताल घेतला तो विजेच्या तारांकडून. बी.बी.सी.ने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले. त्यात सेकंदाला २५ चित्रे असत, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रेखाटले जाई. म्हणजे ५० उजळण्या. इंग्लंडातील विजेचा प्रवाहही ५० हर्ट्झचाच होता. या दोन आकड्यांत अंतर पडले असते तर विजेच्या प्रभावाने चित्रावर पट्टे सरकत राहिले असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तेथील दूरचित्रवाणी ६० ची झाली. पुढे १९५३ साली तेथे रंग आले. रंगाचा संदेश आणि आवाजाचा संदेश एकमेकांत मिसळून चित्र बिघडू नये म्हणून तो वेग किंचित उतरवून ५९.९४ करावा लागला. आजही संगणकाच्या सेटिंग्जमध्ये ६० च्या शेजारी ५९.९४ हा चमत्कारिक आकडा दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. आपल्याकडे १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने आपण ५० च्या घराण्यात गेलो.

चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवायची वेळ आली, तेव्हा दोन गतींची पहिली मोठी गाठ पडली. ५० च्या देशांत चित्रपट थोडा पळवून २५ चित्रांवर नेला, की काम भागे. पण ६० ही २४ ची अडीचपट आहे, आणि चित्राचे अर्धे करून दाखविता येत नाही. तेव्हा अमेरिकेतील तंत्रज्ञांनी एक चित्र दोन उजळण्या आणि पुढचे तीन उजळण्या टिकवायचे, अशी युक्ती काढली. हिशेब जुळला, पण कॅमेरा संथपणे सरकत असताना चित्र जे किंचित लंगडे, ते या दोन-तीनच्या चालीमुळे.

संगणकाने ६० चा आकडा अमेरिकेकडून घेतला. आय.बी.एम.ने १९८७ साली आणलेल्या व्ही.जी.ए. पद्धतीत ६४० बाय ४८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा नवे होई. त्यामुळे ५० हर्ट्झच्या आपल्या देशातही मेजावरचा पडदा ६० वर चालू लागला. काचेच्या नळीचे पडदे ६० वर डोळ्यांपुढे लुकलुकत, म्हणून ते ७५ किंवा ८५ वर लावीत. पुढे चपटे एल.सी.डी. पडदे आले. पुढचे चित्र येईपर्यंत ते आधीचे धरून ठेवतात, त्यामुळे लुकलुक गेली आणि सर्वजण पुन्हा ६० वर स्थिरावले. मग खेळणाऱ्यांनी हालचाल अधिक सफाईदार दिसावी असा आग्रह धरला, आणि १२० पाठोपाठ १४४ हर्ट्झचे पडदे बाजारात आले.

एका संगणकाला अनेक पडदे जोडण्याची सोय विंडोजमध्ये १९९८ पासून आहे. परंतु २००७ साली व्हिस्टा बाजारात आली आणि सर्व खिडक्या एकत्र रचून पडद्याकडे पाठविणारा एक कारभारी मध्ये आला. दोन्ही पडद्यांची रचना तो एकाच तालावर करू पाही. दुसऱ्या पडद्यावर काही हलत नसे तोवर ठीक. ते हलू लागले, की १४४ च्या पडद्यालाही ६० च्या मागे खोळंबावे लागे. खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षे याविषयी तक्रारी केल्या. अखेर २०२० च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीत प्रत्येक पडद्याला आपापल्या तालावर चालू देण्याची व्यवस्था झाली आणि हा दोष पुष्कळ अंशी मिटला.

आता एवढा इतिहास हाती असल्यावर दोष शोधण्याचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम दुसऱ्या पडद्यावरचा व्हिडिओ बंद करून पाहावा. खेळ लगेच सुरळीत झाला, तर दोष गतींच्या नात्यात आहे. तसाच अडखळत राहिला, तर कारण अन्यत्र शोधावे. मग सेटिंग्जमध्ये प्रत्येक पडद्याचा आकडा पाहावा, कारण १४४ चा पडदा विकत आणूनही तो ६० वरच चालत राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तेथे वरचा आकडा दिसतच नसेल, तर केबल आणि तिचे पोर्ट तपासावे. जुन्या केबलमधून तेवढी चित्रे जाऊच शकत नाहीत. त्यानंतर विंडोज आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करावा. खेळ खिडकीत चालत असेल तर तो पूर्ण पडद्यावर घेऊन पाहावा, म्हणजे मधल्या कारभाऱ्याचा हस्तक्षेप बहुधा कमी होतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर अंकगणिताला शरण जावे. १४४ ही ६० ची २.४ पट. सेकंदाला ६० चित्रांचा व्हिडिओ १४४ च्या पडद्यावर आला, की पाच चित्रे बारा उजळण्यांत बसवावी लागतात; कोणी दोन उजळण्या टिकते, कोणी तीन. अमेरिकेतील दूरचित्रवाणीची ती लंगडी चाल येथे पुन्हा भेटते. नवा पडदा १२० वर आणला, तर तो ६० ची सरळ दुगुन होतो आणि दोघे समेवर नेमके भेटतात. सेकंदाच्या चोवीस उजळण्या सोडून जर खेळ निर्वेध होत असेल, तर तो तोट्याचा व्यवहार नव्हे.

या सर्व प्रवासात एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक पिढीने आपल्या सोयीचा आकडा ठरविला, आणि त्या सोयीचे कारण नाहीसे झाल्यावरही आकडा मागे राहिला. विजेच्या तारांशी आजच्या पडद्याचा तालापुरता काही संबंध उरलेला नाही. तरी ६० आहेच. असे जुने आणि नवे शेजारी आले, की धाकट्याला थोरल्याच्या चालीने चालायला लावणे हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. संगणकाच्या जगात तो तेरा वर्षे करून पाहिला गेला आणि टिकला नाही. दोघांना आपापली चाल देऊन भेटीची जागा तेवढी ठरवून द्यावी, हेच शेवटी कामी आले.