अंगणवाडीतील इंद्रियशिक्षण आणि मेंदूचा पक्षाघात असलेली बालके : नांदूरघाट परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव बालाघाटच्या अवर्षणप्रवण पठारी प्रदेशात येते. या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा कुटुंबात मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच वैद्यकीय व्यवहारातील सेरेब्रल पाल्सी, असलेले मूल जन्माला आले तर त्याच्या उपचाराचे काय होते, हा प्रश्न सामान्यतः आरोग्यखात्याचा मानला जातो. वस्तुतः त्याची मुळे बालशिक्षणाच्या इतिहासात आहेत. त्या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये कठीण प्रसूती आणि मुलांच्या ताठर अवयवांचा संबंध विस्ताराने मांडला. तेव्हापासून दीर्घकाळ या अवस्थेकडे हातापायांचे व्यंग म्हणूनच पाहिले गेले. वाढत्या मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही. परंतु स्नायूंचा ताण, तोल व हालचाल यांवर तिचा परिणाम आयुष्यभर राहतो. दृष्टी, श्रवण व स्पर्शज्ञान यांतही अनेकदा अडचणी असतात. शिवाय जे मूल सरकू शकत नाही ते वस्तूपर्यंत पोहोचत नाही. जे पोहोचत नाही ते चाचपत नाही, चाखत नाही, वाजवून पाहत नाही. मूळ इजा मेंदूची असली तरी अनुभवाचे दारिद्र्य त्यावर नंतर चढते. बहुसंवेदी उपचाराची कल्पना या दुसऱ्या हानीशी निगडित आहे.

इंद्रियशिक्षणाचा उगम

इंद्रियांच्या द्वारे शिक्षण ही संकल्पना आज कोणत्याही बालवाडीत रूढ आहे. तिचा जन्म मात्र अपंग मानल्या गेलेल्या मुलांमध्ये झाला. १८०० मध्ये पॅरिसला आणलेल्या, रानात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलावर डॉ. इतार यांनी स्पर्श, उष्णता, ध्वनी व चव यांचे प्रयोग केले. त्यांचे शिष्य सेगँ यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी त्यांतून एक पद्धती बांधली. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये अशाच मुलांबरोबर काम करताना या दोघांचे ग्रंथ अभ्यासले. १९०७ मध्ये सान लोरेंझो वस्तीत त्यांनी बालगृह उघडले, तेव्हा ते साहित्य सर्वसामान्य मुलांच्या हाती गेले.

हा प्रवाह आपल्याकडे आला तो भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी कार्य केले. माँटेसरींचे महागडे साहित्य बाजूला ठेवून त्यांनी बिया, पाने, खडे, शिंपले वापरले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द या कार्यातून रूढ झाला. ताराबाईंचे मोठेपण साधने स्वस्त केली एवढ्यापुरते नाही. शिक्षणाने मुलाच्या दारी जावे, हा क्रम त्यांनी निश्चित केला, हे अधिक महत्त्वाचे आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आरोग्य व आहार शिक्षण या सहा सेवा तिने पुरविल्या. प्रत्यक्षात अपंग मूल मात्र या अंगणात आले नाही. ज्या मुलांमुळे इंद्रियशिक्षण जन्मले, त्यांनाच ते नाकारले गेले, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

मुंबईतील प्रयत्न

दुसरीकडे मुंबईत एक समांतर धारा वाहत होती. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. त्यामुळे रोजच्या कृतीतून उपचार करणारा प्रशिक्षित वर्ग महाराष्ट्रात तयार होऊ लागला. डॉ. मिथू अलूर यांची कन्या मालिनी चिब हिला मेंदूचा पक्षाघात होता. तिच्यासाठी योग्य शाळा येथे नव्हती, म्हणून अलूर यांनी २ ऑक्टोबर १९७२ रोजी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली (गांधीजयंतीचाच दिवस, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे). उपचार व शिक्षण एका छताखाली आणणारी ही शाळा कुलाब्यात होती. पुढे अलूर यांनी लंडन विद्यापीठातील आपल्या संशोधनासाठी एकात्मिक बालविकास योजनाच निवडली आणि तिच्या धोरणातून अपंग बालके कशी वगळली गेली हे दाखविले. त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात या बालकांना 'अदृश्य' म्हटले आहे. शहरातील शाळेच्या संस्थापिकेने खेड्यातील अंगणवाडीकडे बोट दाखवावे, यात त्यांची दूरदृष्टी दिसते.

उपचारपद्धतीचे मूल्यमापन

बहुसंवेदी उपचाराविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. जीन एअर्स यांचा संवेदन-समन्वयाचा सिद्धान्त १९७२ च्या ग्रंथात मुख्यतः अध्ययन-अडचणींच्या संदर्भात मांडलेला होता. मंद प्रकाश, संगीत व सुगंध असलेल्या खोलीची 'स्नूझलेन' ही डच कल्पनाही सत्तरच्या दशकात बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी उदयास आली. दोन्ही पद्धती नंतर मेंदूच्या पक्षाघाताला लावल्या गेल्या. ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा संवेदन-समन्वय उपचार या मुलांसाठी परिणामकारक ठरत नसल्याचे आढळले. ज्यांना पुराव्याचा आधार मिळाला त्या पद्धतींत मूल स्वतः हालचाल करते, ठरावीक उद्दिष्टासाठी तीच कृती पुनःपुन्हा करते आणि घरी आईवडील तो सराव चालू ठेवतात.

याचा अर्थ इंद्रियानुभव निरुपयोगी असा नव्हे. मुलावर प्रकाश व ध्वनी सोडणे वेगळे. खुळखुळ्याच्या आवाजाकडे त्याने स्वतः मान वळवणे आणि हात नेणे वेगळे. ज्वारीच्या दाण्यांत लपविलेली बांगडी शोधताना बोटे उघडतात, नजर हाताच्या मागे जाते, पाठ ताठ राहते. महागड्या खोलीपेक्षा कोसबाडचे अंगण आधुनिक पुराव्याच्या अधिक जवळ जाते, असे म्हणण्यास आधार आहे. एक अट मात्र उरते : हे रोज व्हावे लागते, आणि लवकर सुरू व्हावे लागते.

नांदूरघाट परिसराचा प्रश्न

कायद्याने या मुलांची दखल क्रमाने घेतली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ही अवस्था चलनविषयक अपंगत्वात समाविष्ट झाली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा नावाने उल्लेख आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघर येथून, म्हणजे बोर्डी-कोसबाडच्याच मुलखातून झाला. या कार्यक्रमानुसार फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करते आणि संशयित बालकास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविते. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. अंगणवाडी सेविकेने अशा मुलास ओळखावे, सामावून घ्यावे व पुढे पाठवावे, हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे लिहिले गेले.

नांदूरघाटसारख्या गावात या तरतुदींची गाठ पडते ती हंगामाशी. ऊसतोडीत पतीपत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो व मुकादमाची उचल दोघांच्या श्रमावर फेडली जाते. त्यामुळे आईला मुलासाठी मागे राहणे परवडत नाही. मूल आजीजवळ ठेवावे, तर सराव करून घेण्याचे बळ तिच्या हातात क्वचितच असते. बरोबर न्यावे, तर पहाटेच्या फडात त्याला झोळीत किंवा पाचटावर निजवून ठेवण्यापलीकडे काही होत नाही. स्थलांतरितांसाठी साखरशाळा व हंगामी वसतिगृहे निघाली, ती शाळकरी मुलांसाठी. तीन वर्षांचे, मान न सावरणारे मूल त्यांच्या कक्षेत येत नाही. या मुलाचा ताठर हात उघडायला शिकवण्याचे दिवस नेमके त्या सहा महिन्यांत जातात, आणि पथकाची दुसरी तपासणी हंगामात आली, तर गावच्या पटावर नाव असलेले मूल तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातील एखाद्या कारखान्याच्या तळावर, कोपीत असते.