कसबा पेठ विधानसभा मतदारसंघ

कसबा पेठ विधानसभा मतदारसंघ - २१५ हा महाराष्ट्र राज्यातील २८८ विधानसभा मतदारसंघांपैकी एक मतदारसंघ आहे. हा मतदारसंघ पुणे जिल्ह्यात असून पुणे लोकसभा मतदारसंघात मोडतो. वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती आणि पुणे कॅन्टोन्मेंट हे त्याच लोकसभा मतदारसंघातील अन्य पाच विधानसभा मतदारसंघ होत. २०२४ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे हेमंत रासने येथून विधानसभेवर निवडून आले.

कसबा पेठ हा भाजपचा बालेकिल्ला असल्याचे वृत्तपत्रांतून नेहमी लिहिले जाते. १९९५ ते २०१९ या काळात झालेल्या सहाही विधानसभा निवडणुका या पक्षाने जिंकल्या, हे खरे आहे. परंतु त्याआधी येथे काँग्रेसही विजयी झालेली आहे. शिवाय १९९५ नंतरच्या सलग विजयांपैकी काही मतविभागणीच्या आधाराने मिळालेले आहेत, ही बाब अनेकदा नजरेआड होते.

क्षेत्र व मतदार

पुणे शहराचा सर्वांत जुना भाग या मतदारसंघात येतो. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग आणि महात्मा फुले मंडई ही ठिकाणे येथेच आहेत. पश्चिमेकडील शनिवार, नारायण व सदाशिव या पेठांतील मध्यमवर्गीय, मोठ्या प्रमाणात ब्राह्मण वस्ती जनसंघाच्या काळापासून भाजपच्या पाठीशी राहिली आहे. मध्यभागी व पूर्वेला मात्र चित्र वेगळे आहे. कसबा, सोमवार, रविवार, रास्ता, गंज, घोरपडे या पेठा आणि कासेवाडी-लोहियानगरसारख्या दाट वस्त्या यांत कारागीर, व्यापारी, दलित, मुस्लिम आणि विविध बहुजन समाज राहतात.

मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेत भवानी पेठ हा शेजारचा मतदारसंघ संपुष्टात आला आणि पूर्वेकडील पेठांचा बराच भाग कसब्यात आला. त्यामुळे नाव तेच राहिले तरी मतदारसंघाची घडण बदलली. याच काळात जुन्या वाड्यांतील तरुण कुटुंबे कोथरूड, सिंहगड रस्ता अशा उपनगरांकडे स्थलांतरित होत होती. अनेकांची नावे पेठेच्या मतदारयादीत आणि मुक्काम उपनगरात, अशी स्थिती निर्माण झाली. अशा मतदारांना मतदानाच्या दिवशी केंद्रापर्यंत आणणे हे येथील कार्यकर्त्यांचे एक मोठे काम असते.

१९७८ ते १९९१

आणीबाणीनंतर झालेल्या १९७८ च्या निवडणुकीत जनता पक्षाचे डॉ. अरविंद लेले येथून निवडून आले. जनता पक्षातील फुटीनंतर १९८० मध्ये त्यांनीच भाजपच्या वतीने ही जागा राखली. १९८५ मध्ये काँग्रेसचे उल्हास काळोखे विजयी झाले. १९९० मध्ये भाजप-शिवसेना युतीच्या काळात अण्णा जोशी यांनी ती पुन्हा भाजपकडे आणली; जोशी त्यापूर्वी शिवाजीनगरचे आमदार होते.

जोशी १९९१ मध्ये पुण्यातून लोकसभेवर गेले आणि कसब्यात पोटनिवडणूक घ्यावी लागली. भाजपने त्या वेळी महापालिकेतील आपले नगरसेवक गिरीश बापट यांना उमेदवारी दिली. काँग्रेसच्या वसंत थोरात यांनी त्यांचा पराभव केला. खासदार भाजपचा असताना त्याच पक्षाने आपली विधानसभेची जागा पोटनिवडणुकीत गमावली, हा प्रसंग पुढे बत्तीस वर्षांनी पुन्हा आठवला गेला.

बापट यांचा कालखंड (१९९५-२०१९)

बापट यांनी १९९५ मध्ये ही जागा जिंकली आणि १९९९, २००४, २००९ व २०१४ असे सलग पाच वेळा ते येथून निवडून आले. पक्षाच्या चौकटीबाहेरही त्यांचा संपर्क दांडगा होता. गणेश मंडळे, व्यापारी, रिक्षाचालक, विरोधी पक्षांचे नगरसेवक अशा सर्वांशी त्यांचे व्यक्तिगत संबंध होते. पूर्वेकडील पेठांत पक्षाला एरवी न मिळणारी मते त्यांना मिळत, असे निरीक्षक मानत. १९९६ मध्ये त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली, पण त्यात काँग्रेसचे सुरेश कलमाडी विजयी झाले.

पुनर्रचनेनंतरची पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली आणि ती बापट यांना सर्वांत जड गेली. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे रवींद्र धंगेकर दुसऱ्या, तर काँग्रेसचे रोहित टिळक तिसऱ्या क्रमांकावर राहिले. बापट यांचे मताधिक्य सुमारे आठ हजारांचे होते आणि या दोघांच्या मतांची बेरीज त्यांच्या मतांपेक्षा कितीतरी अधिक होती. २०१४ मध्ये युती व आघाडी दोन्ही तुटल्याने लढत बहुरंगी झाली. टिळक व धंगेकर पुन्हा रिंगणात होते आणि बापट यांनी सुमारे ४२ हजारांच्या मताधिक्याने विजय मिळवला. त्यानंतर ते राज्यात मंत्री व पुण्याचे पालकमंत्री झाले.

२०१९ मध्ये बापट लोकसभेवर गेले. त्यांच्या जागी तत्कालीन महापौर मुक्ता टिळक यांना उमेदवारी मिळाली. लोकमान्य टिळकांच्या घराण्यातील स्नुषा असलेल्या टिळक २०१७ मध्ये पुणे महापालिकेत भाजपच्या पहिल्या महापौर झाल्या होत्या. ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांना ७५,४९२, तर काँग्रेसचे अरविंद शिंदे यांना ४७,२९६ मते पडली. मनसेचा आणि शिवसेनेतील बंडखोर उमेदवारही रिंगणात होता.

२०२३ ची पोटनिवडणूक

मुक्ता टिळक यांचे २२ डिसेंबर २०२२ रोजी कर्करोगाने निधन झाले. आजारी असतानाही त्याच वर्षी राज्यसभा व विधान परिषदेच्या मतदानासाठी त्या रुग्णवाहिकेतून मुंबईला गेल्या होत्या. पोटनिवडणुकीत भाजपने टिळक कुटुंबातील कोणासही उमेदवारी न देता महापालिकेच्या स्थायी समितीचे माजी अध्यक्ष हेमंत रासने यांना उभे केले. चिंचवड मतदारसंघात मात्र दिवंगत आमदार लक्ष्मण जगताप यांच्या पत्नीलाच उमेदवारी देण्यात आली. हा फरक पेठांमध्ये चर्चेचा विषय झाला आणि ब्राह्मण समाजाला डावलल्याची तक्रार करणारे फलक लागले. या नाराजीवर भिस्त ठेवून हिंदू महासंघाचे आनंद दवे अपक्ष म्हणून उभे राहिले, परंतु त्यांना तीनशे मतेही मिळाली नाहीत. म्हणजेच जी नाराजी होती, ती वेगळ्या उमेदवाराकडे वळली नाही. ती घरात बसली किंवा थेट काँग्रेसकडे गेली, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

महाविकास आघाडीच्या वतीने काँग्रेसने धंगेकर यांना उमेदवारी दिली. शिवसेनेतून राजकारणास सुरुवात करून मनसेमार्गे ते काँग्रेसकडे आले होते. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत त्यांनी भाजपच्या गणेश बिडकर यांचा पराभव केला होता. दुचाकीवरून फिरणारा, कधीही भेटणारा नगरसेवक अशी त्यांची ओळख होती. प्रचारात चंद्रकांत पाटील यांनी ‘हू इज धंगेकर?’ असा सवाल केला. निकालानंतर तोच प्रश्न विजयी कार्यकर्त्यांची घोषणा बनला. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री व अनेक मंत्री पेठांमध्ये प्रचाराला उतरले. गंभीर आजारी असलेले बापटही प्राणवायूची नळी लावून चाकांच्या खुर्चीतून केसरीवाड्यातील मेळाव्यास आले. मिळकत करातील रद्द झालेली ४० टक्के सवलत, जुन्या वाड्यांचा रखडलेला पुनर्विकास आणि वाहतूक कोंडी हे स्थानिक प्रश्न होते. करसवलत राज्य शासनाने त्याच वर्षी, निवडणुकीनंतर, पुन्हा लागू केली.

मतदान २६ फेब्रुवारी रोजी, तर मतमोजणी २ मार्च २०२३ रोजी झाली. धंगेकर यांना ७३,३०९ आणि रासने यांना ६२,३९४ मते मिळाली. मताधिक्य १०,९१५ होते. २०१९ च्या तुलनेत भाजपची मते सुमारे १३ हजारांनी घटली आणि काँग्रेसची २६ हजारांनी वाढली. तिसरा मोठा उमेदवार नसताना विरोधी मते एकत्र आल्याचे हे आकडे दाखवतात. शनिवार-सदाशिव पेठ भागात भाजपला अपेक्षित आघाडी मिळाली नाही, हे निकालाचे दुसरे कारण होते. निकालानंतर महिना उलटण्यापूर्वीच, २९ मार्च २०२३ रोजी बापट यांचे निधन झाले.

२०२४ च्या निवडणुका

पोटनिवडणुकीतील यशामुळे काँग्रेसने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धंगेकर यांनाच पुण्यातून उभे केले. भाजपचे मुरलीधर मोहोळ यांनी त्यांचा १ लाख २३ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. धंगेकर आमदार असलेल्या कसब्यातही मोहोळ यांनाच आघाडी मिळाली.

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत रासने आणि धंगेकर पुन्हा समोरासमोर आले. माजी महापौर कमल व्यवहारे यांनी काँग्रेसमधून बंडखोरी केली आणि मनसेचे गणेश भोकरेही रिंगणात होते, तरी खरी लढत दोघांतच झाली. रासने यांना ९०,०४६ व धंगेकर यांना ७०,६२३ मते मिळाली. मताधिक्य १९,४२३ होते. पोटनिवडणुकीच्या तुलनेत धंगेकर यांची मते तीन हजारांपेक्षाही कमी घटली होती, तर रासने यांची २७ हजारांहून अधिक वाढली होती. त्यामुळे काँग्रेसचा मतदार दुरावला, यापेक्षा पोटनिवडणुकीत बाहेर न पडलेला भाजपचा मतदार या वेळी केंद्रावर आला, हे स्पष्टीकरण आकड्यांशी अधिक जुळते. मतविभागणीवाचून भाजप येथे जिंकू शकत नाही, हा २०२३ नंतर रूढ झालेला समजही या निकालाने टिकला नाही.

मार्च २०२५ मध्ये धंगेकर यांनी काँग्रेस सोडून एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेत प्रवेश केला. हा पक्ष राज्यात भाजपसोबत सत्तेत आहे.