ऊर्जा दरमर्यादा (ग्रेट ब्रिटन)

ऊर्जा दरमर्यादा ही इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये मुदतीचा करार नसलेल्या घरगुती ग्राहकांच्या वीज व वायुदरांवरील कायदेशीर कमाल मर्यादा होय. २०१८ च्या कायद्यानुसार ‘ऑफजेम’ ही नियामक संस्था ती ठरवते. १ जानेवारी २०१९ पासून ती लागू आहे. मर्यादा प्रतियुनिट दर व स्थिर आकारावर असते, एकूण देयकावर नव्हे. जाहीर होणारा वार्षिक आकडा केवळ सर्वसाधारण वापराच्या घराचा असल्याने याबाबत गैरसमज होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये हा आकडा ३,५४९ पौंडांवर गेला, तेव्हा सरकारने अनुदानाद्वारे तो सुमारे २,५०० पौंडांवर रोखला. घाऊक बाजारात विजेचा भाव बहुधा वायुविद्युत केंद्रे ठरवतात. त्यामुळे पवनऊर्जा वाढूनही देयके वायूच्या भावाशी जखडलेली राहतात. २०२३ च्या ऊर्जा कायद्याने २०५० चे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्टही ऑफजेमच्या कर्तव्यांत समाविष्ट केले.