कुलाब्यापर्यंत जाणारी गाडी

बदलापूरहून बारवी धरणाकडे सायकल मारताना चढावर दम लागला की मला रेल्वेची आठवण होते. इंजिनाला तीव्र चढ आणि अचानक वळण झेपत नाही. म्हणून रेल्वेवाले टेकड्या कापून, भराव घालून सौम्य उताराचा सलग पट्टा तयार करतात. रूळ गेले तरी तो पट्टा राहतो, आणि चालणाऱ्याला, सायकलवाल्याला तेवढंच हवं असतं. आयर्लंडमध्ये वॉटरफर्ड ते डन्गार्व्हन या बंद लोहमार्गावर २०१७ साली ४६ किलोमीटरची अशी वाट खुली झाली. तिच्या शेवटच्या टप्प्यात समुद्र सोबतीला येतो.

समुद्राकाठचा बंद लोहमार्ग मुंबईतही होता. बीबीसीआय रेल्वे पूर्वी चर्चगेटला संपत नसे. बॅक बेच्या कडेने ती कुलाब्यापर्यंत जाई. १८९६मध्ये कुलाब्याला नवं स्टेशन झालं, तर १९२८मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. पण तोवर बॅक बेमध्ये भराव पडत होता आणि शहराला रुळांखालची जमीन हवी होती. १८ डिसेंबर १९३० रोजी लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल सुरू झालं आणि महिनाअखेरीस चर्चगेट-कुलाबा मार्ग बंद झाला. विजेच्या गाडीला कुलाब्यात जेमतेम तीन वर्षं मिळाली. स्टेशनच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे.

त्या काळी रुळांवरून फिरायला जायची वाट कुणाला सुचणं शक्य नव्हतं, त्यामुळे मी दोष देत नाही. पण अशा पट्ट्याची खरी किंमत त्याच्या सलगपणात असते. मधला एक तुकडा गेला, की उरलेले तुकडे म्हणजे नुसते भूखंड.

हा प्रश्न आजही जिवंत आहे. विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज ‘शकुंतला’ थांबली आहे. तिथल्या लोकांना सायकलची वाट नको, गाडी परत हवी आहे. त्यांचं बरोबर आहे. शहरी हौसेपोटी त्यांच्या मागणीवर पाणी सोडायला सांगणं अन्याय ठरेल. मात्र दोन्हींसाठी पट्टा अखंड राहावा लागतो. अमेरिकेने १९८३मध्ये कायद्यात तशी सोय केली : आज वाट करा, उद्या लागली तर रेल्वे परत आणा. रूळ उखडण्याचा निर्णय एका दिवसात होतो. तुटलेला पट्टा पुन्हा जोडायला मात्र शेकडो सातबारे गोळा करावे लागतात.