घराची विक्री आणि दलालाचा शेकडा



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. घर बांधताना माणूस कसा मेटाकुटीला येतो हे त्या म्हणीत आले आहे. पण घर विकण्याबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. जुन्या काळी घर विकायचा प्रसंग क्वचित यायचा, आणि आला तर तो बहुधा अडचणीपोटी यायचा. त्याची कोण म्हण करणार?

आज तो प्रसंग पुष्कळ घरांत येतो. मुलगा पुण्या-मुंबईस नोकरीला, मुलगी सासरी, आणि तालुक्याच्या गावी वडिलांनी पै पै साठवून बांधलेले घर कुलूप लावून पडलेले. दर पावसाळ्यात भिंतीला नवी ओल धरते. शेवटी घर विकायचे ठरते. आणि मग एके दिवशी ओटीवर एक गृहस्थ येऊन बसतात. म्हणतात, “गुरुजी, गिऱ्हाईक आणायचं काम माझं. तुम्ही काही काळजी करू नका. माझे शेकडा दोन तेवढे द्या म्हणजे झालं.” घर तीस लाखांस गेले तर शेकडा दोनने साठ हजार रुपये होतात. गुरुजी मनाशी म्हणतात, घर मी बांधले, हप्ते मी फेडले, आणि हा चार दिवस हिंडून साठ हजार नेणार?

हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर रागाने किंवा भिडेने देण्यापेक्षा, हा मधला माणूस आला कोठून आणि तो कोणते काम करू लागला, हे आज आपण थोडे पाहू. म्हणजे त्याला काय द्यावे तेही आपोआप कळेल.

प्रथम शब्द पाहू. ‘दलाल’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा धातू वाट दाखविणे या अर्थाचा. ‘दलील’, म्हणजे पुरावा किंवा युक्तिवाद, हा शब्दही त्याच कुळातला. तेव्हा दलाल म्हणजे वाट दाखविणारा. ज्याला वाट ठाऊक नाही त्यालाच वाटाड्याची गरज लागते, हे इथेच ध्यानात ठेवू.

आपल्या जुन्या गावात ही गरज फारशी नव्हती. गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरीतले कोणते घर कोणाचे, त्याची भिंत कोठवर, पाण्याची वाट कोणाची, हे सगळ्या गावाला तोंडपाठ असे. मिरासदाराचा आपल्या मिराशीवर पिढीजात हक्क असे आणि ती त्याला विकताही येत असे. पण ही विक्री दोघांनी कोपऱ्यात बसून उरकायची नसे. पाटील, कुलकर्णी, भाऊबंद, शेजारी, बलुतेदार अशा गोतासमोर ती व्हायची. कागदावर साक्षी पडत. पाटलाला अक्षर येत नसेल तर तो नांगराची निशाणी करी. पुढे तंटा निघालाच तर हीच माणसे बोलावून विचारले जाई.

यातून काय साधत होते? जागा कोणाची हे गोताला माहीत होते, तिची किंमत साधारण काय हे माहीत होते, आणि व्यवहार झाला याला गोत साक्षी होते. माहिती, किंमत आणि साक्ष ही तिन्ही कामे गावच करीत होता. त्या व्यवस्थेत सगळ्यांना सारखा न्याय मिळत होता असे मात्र कोणी समजू नये. उपऱ्याला मिराशीचा हक्क नव्हता, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला गोतसभेत बरोबरीचे स्थान नव्हते. पण माहिती एकाच माणसाच्या मुठीत नव्हती, एवढे खरे.

इंग्रजी अमलात ही घडी मोडली. जमिनीची मोजणी झाली, कोर्टे आली, आणि गोताच्या तोंडच्या साक्षीपेक्षा कागद बलवत्तर ठरू लागला. आता कागद वाचता येणारे गावात किती? शेतकरी अंगठा उठवी आणि आत काय लिहिले आहे ते सावकाराला ठाऊक असे. त्याचा स्फोट १८७५ साली झाला. पुणे जिल्ह्यात सुपे येथे दंगा उसळला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जाच्या कागदांवर होता. हे दंगे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि त्यात गावनोंदणीदाराची तरतूद आली. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्यावर त्याची साक्ष असावी, असा नियम झाला. म्हणजे जे काम गोत करीत होते त्यातले साक्षीचे काम सरकारला हाती घ्यावे लागले. पुढे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच व्हावी असे ठरले, आणि १९०८ चा नोंदणी कायदा आजही चालू आहे.

साक्षीची सोय झाली. पण गिऱ्हाईक कोणी शोधायचे? हा प्रश्न शहरात उभा राहिला. मुंबईत १८५६ साली कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली, तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या, आणि कोकणातली व देशावरची माणसे पोटासाठी मुंबईस लोटली. तिथे शेजारी कोण, मालक कोण, कोणाची खोली रिकामी, हे नव्याने आलेल्या माणसाला कसे कळावे? शहरात गोत नव्हते. त्या रिकाम्या जागी दलाल आला. त्याच्यापाशी माहिती होती आणि माहितीचे तो पैसे घेत होता. यात वावगे काही नाही. परगावच्या माणसाला एका दिवसात डोक्यावर छप्पर मिळवून देणे हे कष्टाचे काम आहे.

वावगे सुरू होते ते दलाल स्वतःच खेळात उतरतो तेव्हा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिथला कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांत बॅक बे कंपनीच्या शेअरचा भाव मूळ किमतीच्या कित्येक पट चढला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सर्वांत बडे दलाल. त्यांचा शब्द बाजारात प्रमाण मानला जाई, आणि या उलाढालीत ते स्वतःही गुंतलेले होते. युद्ध थांबले, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे पैसे चुकते करण्याची वेळ आली तेव्हा मुंबईत मोठमोठ्या पेढ्या बसल्या. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. अजून उभीही न राहिलेली जमीन लोकांनी दुसऱ्याच्या शब्दावर विकत घेतली होती.

दुसरा प्रकार पागडीचा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १९४० च्या सुमाराची भाडी गोठवली. भाडेकरूला आधार मिळाला, पण खोली सोडताना व घेताना वरचे पैसे रोख मोजण्याची रीत बळावली. कायद्याने पागडी घेणे गुन्हा होता. तेव्हा पावती नाही आणि कागद नाही, सगळा भरवसा मधल्या माणसावर. १९९९ च्या महाराष्ट्राच्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडीला कायद्यात जागा दिली, ती यानंतर पन्नासाहून अधिक वर्षांनी. जिथे कागद नसतो तिथे दलालाचे वजन वाढते, एवढे यावरून दिसते.

शेतकरी श्रोत्यांना हे नवे नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरताना आपण पाहिले असेल. दोन्ही धन्यांना ठाऊक नसलेला भाव मधल्याला ठाऊक असतो. मार्केट यार्डात उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो याच कारणासाठी. आणि फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय महाराष्ट्रात २०१६ साली झाला, त्याच्याही मुळाशी प्रश्न हाच होता : मधला माणूस नेमका कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात फार पूर्वीच दिलेले आहे. १८७२ च्या करार कायद्यात मुखत्याराचे, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याचे, एक संपूर्ण प्रकरण आहे. वेगळा करार नसेल तर काम पुरे झाल्यावाचून मेहनताना मागता येत नाही. आपल्या धन्यापासून लपवून मुखत्याराने तो माल स्वतःच घेतला, तर धन्याला तो व्यवहार नाकारता येतो. आणि कामात लबाडी केली तर त्या कामाचा मेहनताना बुडतो. दीडशे वर्षांपूर्वीची ही कलमे आजही लागू आहेत. पण आपल्यापैकी किती जणांना ती माहीत आहेत?

आता हिशेबाकडे येऊ. समजा, गुरुजींचे घर तीस लाखांना मागितले गेले. आणखी महिनाभर थांबले तर एकतीस मिळतील असा रंग आहे. थांबल्यास गुरुजींच्या पदरात दलाली वजा जाता अठ्ठ्याण्णव हजार जास्त पडतील. दलालाला जास्त मिळणार दोन हजार. मग तो थांबा म्हणेल की उरकून घ्या म्हणेल? तो लबाड आहे असे नव्हे. त्याचा फायदा उरकण्यात आहे, इतकेच.

अमेरिकेत हे मोजून पाहिले गेले आहे. शिकागो भागातल्या सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की दलाल स्वतःचे घर विकतात तेव्हा ते साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि शेकडा ३.७ जास्त किंमत मिळवतात. परक्याचे घर विकताना हा धीर राहत नाही. मॅडिसन या दुसऱ्या शहरातला अभ्यास २००९ चा. तिथे दलालाशिवाय घर विकणाऱ्यांना किंमत काही कमी मिळाली नाही, म्हणजे दलालीचे पैसे वाचले. पण वेळ अधिक लागला, आणि काही मालकांना घर जाईना म्हणून शेवटी दलालाकडेच जावे लागले. आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत. पण माणसाचा स्वभाव इथून तिथून सारखाच.

आपल्याकडेही गेल्या काही वर्षांत पाऊल पुढे पडले आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो, त्याने नोंदणी झालेल्या बांधकाम प्रकल्पातली घरे विकणाऱ्या दलालाला स्वतःचीही नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात २०१७ च्या मे महिन्यापासून महारेराचे काम सुरू झाले, आणि २०२३ पासून अशा दलालांना प्रशिक्षण व परीक्षाही आली. मात्र तालुक्याच्या गावचे आपले जुने सुटे घर अशा प्रकल्पात मोडत नाही. तिथे आपली राखण आपल्यालाच करायची आहे.

मग दलाली द्यावी की न द्यावी? माझे मत असे. गोत जी तीन कामे करीत होते, ती पुन्हा आठवा. साक्षीचे काम आता दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते, त्याचे पैसे दलालाला देण्याचे कारण नाही. जागेची माहिती सात-बाऱ्यावर, मिळकत पत्रिकेवर किंवा ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर असते. किमतीचा अंदाज सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यांवरून येतो, आणि शेजारची घरे कितीला गेली हे नोंदणीच्या सूची क्रमांक दोनमध्ये पाहता येते. कागदावर कधी कधी खरी रक्कम नसते, म्हणून चार शेजाऱ्यांनाही विचारावे. एवढे घरच्या घरी केले की दलालाकडे उरते ते एकच काम : खरे गिऱ्हाईक शोधणे, त्याला चार वेळा घर दाखवणे आणि व्यवहार तडीस नेणे. मालक परगावी असेल, वेळ नसेल, ओळखी नसतील, तर या कामाला मोल आहे आणि ते खुशीने द्यावे. गिऱ्हाईक शेजारीच असेल तर सुंठीवाचून खोकला जाईल.

द्यायचे ठरले तर चार गोष्टी पाळाव्यात. दलाली किती, कोणी आणि कधी द्यायची हे आधी कागदावर लिहून घ्यावे. दुसऱ्या बाजूकडूनही तो पैसे घेणार का, हे तोंडावर विचारावे, आणि घेणार असेल तर आपली दलाली कमी करून घ्यावी. मुख्य रक्कम खरेदीखत नोंदले गेल्यावरच द्यावी. आणि मूळ कागद किंवा कुलमुखत्यारपत्र दलालाच्या हाती कधीही देऊ नये. विसाराचे पैसे थेट आपल्या खात्यात यावेत, आणि दस्त करण्याआधी तो वकिलाकडून वाचून घ्यावा.

दलाल रोज घरे विकतो, आपण जन्मात एकदा विकतो. त्याची मिळकत बरीचशी आपल्या अज्ञानावर चालते, आणि ते अज्ञान कमी करणे आपल्या हाती आहे. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की वरच्या वर्गातल्या मुलांना एकदा सात-बारा आणि एक नमुन्याचे खरेदीखत वाचून दाखवा. १८७५ साली जाळायला निघालेले कागद त्या लोकांना वाचता येत नव्हते. आपल्या मुलांना ते येतात. बापाने बांधलेल्या घराचा कागद त्यांनी सही करण्यापूर्वी वाचला, तर मधल्या माणसाला काय द्यायचे ते त्यांचे तेच ठरवतील.